पायाखालची झळ

कवीला रेडिओवर बोलावलं की तो पावसावर बोलणार नाहीतर आईवर, असं लोक धरूनच चालतात. मी आज जीपच्या सायलेन्सरवर बोलणार आहे. आई त्यात येते. पाऊसही थोडासा येतो. मी बी.ए. झालेला माणूस, तेही मराठी घेऊन. त्यामुळं यंत्राविषयी मी जे सांगेन ते मिस्त्रीकडून आणि एका विज्ञान शिकवणाऱ्या मित्राकडून शिकलेलं आहे, आणि थोडं पाय पोळल्यावर शिकलेलं. पाय माझे नव्हते, हेच दुःख.

देवणी म्हटलं की लोकांना आमचे काळे-पांढरे देवणी गाय-बैल आठवतात. गाव कर्नाटकाच्या सीमेवर, बोलण्यात मराठी, कानडी आणि दखनी तिन्ही. इथल्या माणसाचं निम्मं आयुष्य उदगीरला जाण्यायेण्यात जातं, आणि एके काळी ते जाणंयेणं जीपमधून व्हायचं. अब्बांनी १९९६ साली एक जुनी महिंद्रा जीप घेतली. डिझेलची, पूजो इंजिनाची, वर ताडपत्रीचा हूड. सुरुवातीला तिच्यावर आमचं घर चाललं. पुढं प्रवासी वाहतूक थांबली, पण जीप राहिली. दर वेळी पासिंग करून घेत आम्ही ती सांभाळली.

या जीपची एक खोड होती. पुढच्या सीटवर, ड्रायव्हरच्या शेजारी जो बसेल त्याच्या पायाखालचा पत्रा तापायचा. पावसाळ्यात बरं वाटायचं, उन्हाळ्यात तवा. आमचा उपाय ठरलेला होता : बारदान पाण्यात भिजवायचं आणि पायाखाली अंथरायचं. उदगीर येईपर्यंत ते वाळून कडक व्हायचं. तेवीस वर्षं आम्ही हेच केलं. कुणी तक्रार केली की अब्बा म्हणायचे, गाडी आहे, तापणारच. अब्बा गेल्यावर हे वाक्य मी म्हणू लागलो.

मे २०१९ मध्ये मी अम्मीला डोळे तपासायला लातूरला घेऊन गेलो. तिला बरीच वर्षं साखरेचा आजार. जीपमध्ये बसलं की चपला काढून पाय मोकळे सोडायची तिची जुनी सवय. येताना भर दुपार, रस्त्याचं काम चाललेलं, म्हणून गाडी बराच वेळ खालच्या गिअरमध्ये. बारदान कधीच वाळलेलं. माझ्या पायात बूट होते. घरी आल्यावर वजू करताना अम्मीनं पाय पुढं केला आणि माझ्या बायकोनं पाहिलं : उजव्या तळव्यावर दोन मोठे फोड, एक फुटलेला. अम्मी आमच्याकडंच बघत होती. म्हणाली, "मेरेकू तो कुच बी नै लग्या."

तिला खरंच काही लागलं नव्हतं. साखरेनं पायाच्या नसा बधिर होतात, हे मी ऐकून होतो. ऐकून असणं आणि माहीत असणं यात किती अंतर असतं ते त्या दिवशी कळलं. जखम साडेतीन महिने भरली नाही. शेवटी करंगळी काढावी लागली. डॉक्टर मला रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, पत्रा किती तापतो? मला सांगता येईना. तेवीस वर्षं जो पत्रा आमच्या पायाखाली होता तो किती तापतो, हे आम्ही कधी पाहिलंच नव्हतं.

मग कळलं की भाजण्यासाठी विस्तव लागत नाही. १९४७ साली मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या अमेरिकन संशोधकांनी हे मोजून ठेवलंय. कातडीचं तापमान ४४ अंशांवर राहिलं तर इजा व्हायला सहाएक तास लागतात. पन्नासच्या आसपास काही मिनिटं पुरतात. साठला काही सेकंद. धडधाकट माणूस पाय उचलतो, म्हणून वाचतो. ज्याला कळतच नाही, तो पाय उचलणार कसा?

इथं जीपच्या जन्माची गोष्ट सांगितली पाहिजे. विलीज कंपनीची ही गाडी १९४१ च्या सुमारास अमेरिकन सैन्यासाठी तयार झाली. उघडी गाडी, वारा आरपार, उघड्या पत्र्याची फरशी आणि त्या फरशीवर जाड तळाचे लष्करी बूट. आपल्याकडं ती आणली महिंद्रांनी. १९४५ मध्ये कंपनी निघाली तेव्हा तिचं नाव होतं महिंद्रा अँड मोहम्मद. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढं गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये इथल्या कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. अब्बा ही गोष्ट गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे आणि स्टिअरिंगवर थाप मारून म्हणायचे, मोहम्मद गेले, जीप इथंच राहिली, आपणही इथंच राहिलो. तर या गाडीत आपण हूड लावला, दोन्हीकडून पडदे सोडले, दहा-बारा माणसं कोंबली. बुटांच्या जागी आले स्लिपर घातलेले आणि अनवाणी पाय. फरशी मात्र तीच.

त्याच आठवड्यात मी जीप मिस्त्रीमामांकडं नेली. मामा सत्तरीचे. त्यांचंही तेच : "कवी, गाडी हाय ती, तापणारच की." मी त्यांना अम्मीच्या पायाचं सांगितलं. ते गप्प झाले आणि गाडीखाली शिरले.

मी लातूरहून तापमान मोजायची बंदूक आणली होती. कपाळाचा ताप मोजणारी नव्हे, कारखान्यात वापरतात ती. चकचकीत पत्र्यावर ती चुकीचा आकडा दाखवते, म्हणून मित्रानं काळी चिकटपट्टी लावून त्यावर मोजायला सांगितलं. देवणीहून उदगीरला दुपारी बाराला जाऊन पाहिलं. पत्रा ६३ अंश.

मामांनी पहिली गोष्ट शोधली ती मला सुचलीच नसती. इंजिनाला जिथं मॅनिफोल्ड जोडलेलं असतं तिथलं पॅकिंग जळालं होतं. जोडावर काजळीचे काळे फटकारे होते. तापलेला धूर नळीतून मागं जायच्या ऐवजी तिथूनच फुसफुसत बाहेर येत होता, आणि थेट आमच्या फरशीखाली. ओळखायची युक्ती साधी आहे. इंजिन गार असताना चालू करायचं, एकानं मागच्या नळीच्या तोंडावर जाड कापडाचा बोळा क्षणभर धरायचा, दुसऱ्यानं पुढं कान द्यायचा. गळती असेल तर फुसफुस ऐकू येते. हे फक्त उष्णतेपुरतं नाही बरं. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना रंग, ना वास. डिझेलपेक्षा जुन्या पेट्रोल जीपमध्ये तो कितीतरी जास्त. ओल्या बारदानानं आमच्या फरशीला गंजून रुपयाएवढी दोन भोकं पडली होती, आणि पडदे सोडलेल्या गाडीत पोरंबाळं डोकं दुखतंय म्हणून रडायची ती उन्हानंच, असं आम्ही धरलं होतं. गिअरच्या दांड्याचा रबरी बूटही फाटलेला होता. गरम हवा तिथूनही वर येत होती.

दुसरी गोष्ट म्हणजे सायलेन्सरची नळी. ती लोंबती धरायला रबरं असतात. ती तुटल्यावर कधीतरी, बहुधा मीच, तारेनं आवळून बांधली होती. नळी वर ओढली जाऊन पत्र्यापासून बोटभर उरली होती. तिसरी, हवेचा फिल्टर. आमच्याकडची धूळ तुम्हाला ठाऊक आहे. या गाड्यांच्या फिल्टरला खाली तेलाची वाटी असते. तिच्यात तेल नव्हे, चिखल निघाला. डिझेल इंजिनाला हवा कमी आणि तेल जास्त मिळालं की काळा धूर येतो आणि धुराची उष्णताही चढते. नोझल आणि पंपाचं टायमिंग बिघडलं तरी तेच. म्हणजे फरशी हे शेवटचं ठिकाण, दुखणं पुढं.

पॅकिंग, रबरं, फिल्टर, गिअरचा बूट, भोकांना पत्रा. एवढ्यावर ६३ चे ५२ झाले. साडेतीनशे रुपयांचं पॅकिंग. मी गॅरेजच्या बाकड्यावर बसून किती वेळ त्याच्याकडं बघत होतो.

उरलेली उष्णता नळीची स्वतःची. तापलेली वस्तू शेजारच्याला नुसत्या हवेनंच नव्हे, झळीनंही तापवते, आणि झळीचा हिशेब फार क्रूर असतो. मित्रानं वहीवर करून दाखवला. नळी ३०० अंशांवरून ४०० वर गेली तर झळ जवळजवळ दुप्पट होते. हे ऐकून मी विचारलं, मग फरशीला आतून जाडजूड काहीतरी चिकटवू का? तो म्हणाला, तुझ्या घराचं छत आठव.

आमच्या भागातली जुनी घरं माळवदाची. लाकडी सऱ्या, वर हातभर पांढरी माती, आत गारवा. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात त्याच मातीदगडाखाली माणसं गेली, आणि लोकांनी धसका घेऊन पत्रे घातले. मग पहिल्याच उन्हाळ्यात पत्र्याखाली जीव नकोसा झाला. तेव्हा आयाबायांनी काय केलं? पत्र्याच्या हातभर खाली गोणपाट, जुन्या साड्या ताणून बांधल्या. झळ साडीवर अडली, मधली गरम हवा सज्जावरून निघून गेली. जीपला हेच करायचं होतं, फक्त उलटं.

नळी आणि फरशी यांच्यामध्ये ॲल्युमिनियमचा चकचकीत पत्रा बसवला. चकाकी झळ परतवते. तो फरशीला चिकटवायचा नाही, हेच खरं मर्म. पाण्याच्या बारीक लोखंडी पाइपचे अर्ध्या इंचाचे तुकडे कापून मध्ये घातले आणि चारच बोल्टांनी टांगला, कारण प्रत्येक बोल्ट उष्णता वर नेणारा पूल असतो. पुढची-मागची तोंडं उघडी, म्हणजे गाडी चालली की मधून वारा वाहतो. मॅनिफोल्डजवळ मात्र ॲल्युमिनियमऐवजी लोखंडी पत्रा. मामांचे हात यात तरबेज. त्यांचे वडील पेट्या आणि कंदील करायचे.

मामांकडं एक पांढरी दोरी होती, नळीला गुंडाळायची. ती ॲस्बेस्टॉसची. तिचे तंतू फुप्फुसात जाऊन बसतात आणि आजार पुष्कळ वर्षांनी उमटतो. ती मी लावू दिली नाही, आणि मामांना फेकायलाही लावली. यावरून थोडी कुरबुर झाली. काचेच्या तंतूंची पट्टी मिळते, पण ती पावसाळ्यात पाणी धरते, आत नळी गंजते, आणि इंजिनाचं तेल तिच्यात मुरलं तर पेट घेऊ शकते. फरशीच्या खालच्या अंगाला नमदा, फोम, डांबर काहीही लावू नये, तेही पेटतं. जाड रबरी मॅट घालायची ती वरून, आतून. आणि सुगीच्या दिवसांत तापलेली जीप कडब्यावर किंवा सोयाबीनच्या भुसावर उभी करू नये. ही चूक शेतात जाणारे सगळेच करतात.

पुन्हा उदगीर, पुन्हा दुपारी बारा. बाहेर ४१ अंश, फरशी ४४, मॅटच्या वर ४२. एकूण खर्च दोन हजारांच्या आत.

अम्मी दवाखान्यातून परत आली ती त्याच जीपमधून. मी पुढच्या सीटवर तिला बसवायला लागलो तर तिनं आधी वाकून तळहात फरशीवर ठेवला, भाकरी टाकण्याआधी तवा बघतात तसा वरून आणि मग टेकवून. बराच वेळ ठेवला. मग मोजा घातलेला पाय आत घेतला. तेव्हापासून ती दर वेळी असंच करते. गेल्या डिसेंबरात पहाटे लग्नाला निघालो होतो. तिनं हात लावला, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, एवढी गार केलीस, आता थंडीत पाय कुठं शेकायचे?