वनौषधी आणि मधुमेह : श्रद्धा व प्रमाण

(श्रींच्या वार्षिक उत्सवानिमित्त बोरगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



देवालयाच्या सभामंडपात मधुमेहावर बोलणे कित्येकांना विसंगत वाटेल. परंतु प्रसादाचा पेढा हाती येताच ज्यांचे मन कचरते, असे कोणी ना कोणी आज बहुतेक घरांत आहे. शिवाय ज्या सातपुड्याच्या छायेत आपण वसलो आहोत, त्याच रांगेतील पाताळकोटचा भारिया समाज वनौषधींच्या ज्ञानासाठी विख्यात आहे. तेव्हा हा विषय आपल्या अंगणातलाच होय.

या व्याधीचे वर्णन सुश्रुतसंहितेत आढळते. गुडमार वेलीस ‘मधुनाशिनी’ म्हणतात, तेही सार्थ आहे. तिचे पान चघळून साखर तोंडात टाकली, तर ती वाळूसारखी बेचव लागते. पानातील जिम्नेमिक आम्ले जिभेची गोडी ओळखण्याची शक्ती काही काळ रोखून धरतात. तथापि जिभेला गोडी न कळणे आणि रक्तातील साखर उतरणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

रक्तात साखर साचली की पेशींना इजा करणारे अस्थिर रेणू वाढतात. आवळा, जांभळाची बी इत्यादींच्या अर्कांतील द्रव्ये परीक्षानळीत या रेणूंना निष्प्रभ करतात. परंतु परीक्षानळी म्हणजे देह नव्हे. जठर, आतडी व यकृत ओलांडून त्यातील किती अंश रक्तात पोहोचतो, हा खरा प्रश्न. परीक्षानळी, उंदीर आणि मनुष्य अशा या तीन पायऱ्या आहेत. बहुतेक अर्क पहिल्या दोहोंवरच थांबलेले आहेत.

विजयसार, म्हणजे आपला बिबळा, तिसऱ्या पायरीवर चढला. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत ९७ नवनिदानित रुग्णांपैकी ६७ जणांची साखर १२ आठवड्यांत आटोक्यात आली. मात्र तुलनेसाठी दुसरा गट त्यात नव्हता, आणि औषध मोजून दिले जात होते. बाजारातील लाकडी पेल्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्याला ते प्रमाणपत्र लागू पडत नाही.

युरोपात गॅलेगा नावाची वनस्पती पूर्वापार या व्याधीत वापरीत. तिच्यातील द्रव्य विषारी ठरले. पण त्याच वर्गातील मेटफॉर्मिन १९२२ साली प्रयोगशाळेत सिद्ध झाले आणि १९५७ साली फ्रान्समध्ये झां स्टर्न यांनी ते मधुमेहावर वापरल्याचे प्रसिद्ध केले. वनस्पतीने वाट दाखविली, मापाने ती सुरक्षित केली.

म्हणून कळकळीची विनंती. ज्या बालकाच्या देहात इन्सुलिन तयारच होत नाही, त्यास कोणताही काढा तारू शकत नाही. १९२२ पूर्वी अशी बालके वाचत नसत. त्याचे इंजेक्शन कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नये. गोळ्यांच्या जोडीला कारल्याचा रस वा चूर्ण घेणाऱ्यांनीही ते डॉक्टरांपासून लपवू नये; साखर एकाएकी उतरून घाम, कंप, प्रसंगी बेशुद्धीही येते.

देवस्थानाच्या आवारात आवळा, जांभूळ, बिबळा लावून त्यांच्या नावाच्या पाट्या बसवाव्यात, उत्सवात रक्ततपासणी ठेवावी आणि पेढ्याच्या शेजारी फुटाण्यांचाही प्रसाद असावा, असे सुचवितो. वृक्ष पूजनीय आहेतच. मात्रा तेवढी जाणत्या वैद्यास विचारावी.