पूर्वपदावर येण्याचे वर्ष

मोरीत ओतलेले पाणी कोठे जाते, हा प्रश्न आपण सहसा स्वतःला विचारीत नाही. तांब्याभर पाणी ओतावे, ते जाळीखाली गडप व्हावे आणि आपण पुढल्या कामाला लागावे, असा आपला नित्याचा क्रम असतो. नळाला पाणी आले नाही, तर सारी आळी गोळा होते; परंतु मोरीचे पाणी बिनतक्रार निघून गेले म्हणून कुणी कुणाचे आभार मानल्याचे ऐकिवात नाही. काम चोख चालले की ज्याचा लोकांना विसर पडतो, अशा एका खात्याच्या एका वर्षाची हकीकत आज मी आपणांस सांगणार आहे.

हे खाते आपल्या देशातले नाही. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, वॉशिंग्टन राज्यात, सिॲटल नावाचे बंदराचे शहर आहे. ते ज्या काउंटीत येते तिचे नाव किंग काउंटी. काउंटी म्हणजे ढोबळ मानाने आपला जिल्हा. ह्या काउंटीचे सांडपाणी शुद्ध करणारे एक स्वतंत्र खाते आहे, आणि त्याचा पूर्वेतिहास मोठा उद्बोधक आहे.

सिॲटलच्या पूर्वेस लेक वॉशिंग्टन हे विस्तीर्ण सरोवर आहे. काठावर वस्ती वाढत गेली, तसतसे गावोगावचे अर्धेमुर्धे शुद्ध केलेले सांडपाणी त्या सरोवरात उतरू लागले. १९५५ साली तेथील विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ डब्ल्यू. टी. एडमंडसन ह्यांच्या पाहणीत सरोवरात एक विशिष्ट नीलहरित शेवाळ आढळले. हेच शेवाळ पूर्वी स्वित्झर्लंडमधील झुरिकच्या सरोवरात वाढले होते, आणि ते सरोवर बिघडत गेले होते. तेव्हा हे लक्षण एडमंडसन ह्यांनी ओळखले. जेम्स एलिस नावाच्या वकिलाने लोकमत जागे केले. १९५८ सालच्या मार्चमध्ये मतदारांनी योजना फेटाळली. सप्टेंबरमध्ये मात्र सुधारलेली योजना मान्य केली, आणि सांडपाण्यासाठी एक महानगर मंडळ स्थापन झाले. योगायोग असा की, त्याच १९५८ साली आपल्याकडे नागपुरात सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीच्या संशोधनाची केंद्रीय संस्था सुरू झाली. १९७४ पासून तिला आपण 'नीरी' ह्या नावाने ओळखतो.

१९६३ ते १९६८ ह्या काळात सरोवरात येणारे सांडपाणी टप्प्याटप्प्याने दुसरीकडे वळविण्यात आले, आणि जेमतेम मीटरभर खोल दिसणारे ते गढूळ पाणी पुढील वर्षांत कित्येक मीटर खोलवर नितळ दिसू लागले. १९९४ साली हे मंडळ किंग काउंटीच्या कारभारात विलीन झाले. लोकांच्या मताने जन्मलेले आणि एक सरोवर वाचविलेले असे हे खाते. त्याच्या कीर्तीत उणे असे काही नव्हते.

ह्या खात्याचे सर्वांत मोठे केंद्र वेस्ट पॉइंट येथे, प्यूजेट साउंड नावाच्या समुद्रखाडीच्या काठी आहे. ते १९६६ साली सुरू झाले. सिॲटलच्या जुन्या भागात पावसाचे पाणी आणि घरांचे सांडपाणी एकाच गटारातून वाहते. त्यामुळे कोरड्या दिवसांपेक्षा मुसळधार पावसात येथे कितीतरी पट पाणी येते. दिवसाला ४४ कोटी गॅलनपर्यंत पाणी घेता येईल, अशा बेताने केंद्राची रचना केलेली आहे. आलेल्या पाण्यातून प्रथम चिंध्या, काटक्या, वाळू निराळी करतात. मग ते मोठमोठ्या टाक्यांत संथ सोडतात. आपल्याकडे निवळीचे बी उगाळून घातलेल्या घागरीत जसा गाळ तळाशी बसतो, तसा येथे जड भाग खाली बसतो, फरक एवढाच की येथे बी लागत नाही, वेळ लागतो.

परंतु निवळलेले पाणी म्हणजे शुद्ध पाणी नव्हे. त्यात विरघळलेली घाण राहतेच. ती खाण्यासाठी येथे कोट्यवधी सूक्ष्म जीव पाळलेले आहेत. त्यांना प्राणवायू पुरवायचा, घाण खाऊ घालायची, आणि खाऊन जड झालेले त्यांचे पुंजके पुन्हा तळाशी बसू द्यायचे, अशी ही रीत. तिला क्रियाशील गाळाची पद्धत म्हणतात. इंग्लंडात मँचेस्टर येथे एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट ह्यांनी ती १९१४ साली मांडली. त्यांना त्या दिशेने प्रवृत्त करणारे गिल्बर्ट फाउलर हे शास्त्रज्ञ १९१६ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले, आणि तेथेही त्यांनी ह्या विषयाचा पाठपुरावा केला. तेव्हा सिॲटलच्या ह्या टाक्यांशी आपले अगदीच नाते नाही, असे म्हणता येणार नाही.

आता त्या रात्रीकडे वळू. ९ फेब्रुवारी २०१७. मध्यरात्र उलटून दोनचा सुमार. बाहेर धो धो पाऊस, खाडीला भरती, आणि केंद्र आपल्या क्षमतेच्या अगदी काठावर चाललेले. अशा वेळी शुद्ध केलेले पाणी समुद्रात लोटायला पंप लागतात. नेमका त्याच क्षणी विजेच्या यंत्रणेच्या एका भागात बिघाड झाला आणि ते पंप बंद पडले. बाहेर जाणारे पाणी थांबले. आत येणारे थांबले नाही.

ह्यावर उपाय योजलेला नव्हता असे नाही. निवळणीच्या टाक्यांत तरंगते गोळे बसविलेले होते. पाणी ठरावीक रेषेवर चढले की गोळा वर उचलला जावा, त्याने सूचना द्यावी, आणि आत येणारा ओघ आपोआप अडावा, अशी ती साधी सोय. परंतु त्या रात्री गोळ्यांनी सूचना दिलीच नाही. नियंत्रणकक्षात एकाच वेळी इतके इशारे वाजू लागले की, त्यांतला मुख्य कोणता आणि गौण कोणता हे निवडणे माणसाच्या आवाक्याबाहेर गेले. पाहता पाहता टाक्या वाहू लागल्या आणि ते मैलामिश्रित पाणी जमिनीखालील भुयारांत शिरले. तेथेच पंपांच्या मोटारी, विजेची कपाटे आणि ऊब देणारी यंत्रे होती. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. केंद्र वाचविण्यासाठी संकटकालीन मार्ग उघडावा लागला, आणि त्या दिवशी व पुढच्या आठवड्यातील वादळात मिळून २३ कोटींहून अधिक गॅलन पाणी शुद्ध न होताच खाडीत गेले. त्यात बराचसा भाग पावसाच्या पाण्याचा होता, हे खरे. परंतु उरलेला भाग कशाचा होता, हे सांगण्याची आवश्यकता नाही. किनारे लोकांसाठी बंद करावे लागले.

श्रोतेहो, येथून त्या खात्याचे वर्ष सुरू झाले. भुयारांतला चिखल उपसणे, शेकडो मोटारी काढून सुकविणे वा बदलणे, तारा नव्याने ओढणे, ही कामे रात्रंदिवस चालली. खर्च दोन कोटी डॉलरांपलीकडे गेला. पण पैसा आणि मनुष्यबळ ह्यांनी जे झटपट होण्यासारखे होते, ते झाल्यावरही केंद्र पूर्वीसारखे चालेना. कारण मोटार बदलता येते. जीव बदलता येत नाहीत. हवा आणि अन्न तुटल्यामुळे त्या सूक्ष्म जीवांची वसाहत खचली होती. गाळ पचविणाऱ्या टाक्यांना लागणारी ऊब गेली होती. विरजण मोडले म्हणजे गृहिणी काय करते? ती दुधाला ऊब देते, थोडेसे लावते, झाकून ठेवते आणि वाट पाहते. तिला कितीही घाई असली, तरी दही आपल्याच वेळेने लागते. वेस्ट पॉइंटच्या तंत्रज्ञांनाही हेच करावे लागले. थोडे थोडे पाणी आत सोडायचे, जीव किती पचवितात ते पाहायचे, मग थोडे अधिक सोडायचे. ह्या काळात पाण्याची केवळ प्राथमिक शुद्धी होत होती, आणि पुष्कळ घाण खाडीतच जात होती. मे महिन्यात कोठे केंद्राचे पाणी कायद्याने ठरविलेल्या मर्यादेत आले. म्हणजे तीन महिने गेले ते पुढे जाण्यासाठी नव्हे. होते तेथे परत येण्यासाठी.

त्यानंतरचे काम अधिक अवघड होते, कारण ते स्वतःकडे पाहण्याचे होते. बाहेरच्या तज्ज्ञांनी तपास करून जुलैमध्ये अहवाल दिला. केवळ एका बिघाडावर बोट ठेवून ते थांबले नाहीत. एक सोय निकामी झाली तर दुसरी हाताशी असावी, ही उसंतच केंद्राच्या रचनेत पुरेशी नव्हती. तरंगते गोळे विश्वसनीय राहिले नव्हते. आणि अशा प्रसंगी काय करावे, ह्याचा सराव कर्मचाऱ्यांना पुरेसा मिळालेला नव्हता. सप्टेंबरमध्ये राज्याच्या पर्यावरण खात्याने ३,६१,००० डॉलरांचा दंड ठोठावला आणि सुधारणांचा आदेश दिला. गोळे बदलण्यात आले, सराव सुरू झाले, इशाऱ्यांची व्यवस्था तपासण्यात आली.

येथे ही कथा सुखान्त करण्याचा मोह मला होतो. परंतु ते प्रामाणिकपणाचे होणार नाही. २०१९ साली आणि पुन्हा २०२१ साली विजेच्या व्यत्ययामुळे ह्याच केंद्रातून अशुद्ध पाणी खाडीत गेले. २०१७ च्या मानाने ते फारच थोडे होते; तरी गेले, हे खरेच. मग विजेचा पुरवठा स्थिर ठेवण्यासाठी निराळी मोठी योजना हाती घ्यावी लागली. एक दुवा पक्का केला की ताण दुसऱ्या दुव्यावर येतो.

मग त्या वर्षी प्रगती झाली की नाही? आपल्या मनात प्रगतीचे चित्र असते ते नव्या धरणाचे, नव्या पुलाचे, उद्घाटनाच्या फितीचे. वार्षिक वृत्तांतातही आपण नवे काय उभारले ह्याचीच यादी शोधतो. ज्या दिवशी काहीही घडले नाही, त्या दिवसाची नोंद कुणी करीत नाही. आणि ह्या खात्याचे खरे यश तर तेच असते. सरोवर स्वच्छ करणे हा पराक्रम झाला. त्यासाठी सभा भरल्या, मतदान झाले, इतिहास लिहिला गेला. पण तो पराक्रम टिकतो तो कुणीतरी टाकीच्या काठाशी वाकून एक गोळा मोकळा हलतो की नाही, हे आठवड्यामागून आठवडे पाहत राहतो म्हणून. हे काम कंटाळवाणे आहे. त्याला टाळ्या नाहीत. आणि खर्चाला कात्री लावायची वेळ आली की पहिली नजर त्याच्यावर पडते, कारण ते आज केले नाही तरी आज काहीच बिघडत नाही. बिघडते ते एखाद्या पावसाळी रात्री दोन वाजता.

आपल्या देशात गेल्या काही दशकांत सांडपाणी शुद्ध करणारी केंद्रे गावोगाव उभी राहिली, राहत आहेत. ती उभारताना लागतो त्याहून निराळा, अधिक चिवट असा उत्साह ती चालविताना लागतो. तेव्हा आपल्या गावच्या केंद्राबद्दल विचारताना, ते केवढ्याचे बांधले एवढेच न विचारता, ते आज चालू आहे का, आणि त्याचे गोळे शेवटचे केव्हा तपासले, हेही आपण विचारावे. आणि उद्या सकाळी मोरीत पाणी ओतताना ते मुकाट्याने निघून गेले, तर क्षणभर थांबावे. कोठेतरी कुणीतरी रात्रभर जागे होते, म्हणून ते गेले.