उद्योगजगताशी संपर्क : नव्या साधनांचा विवेकपूर्ण उपयोग
(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेले व्याख्यान)



व्यापारात भांडवलाइतकेच मोल माहितीला असते, हे पेढीवर बसणाऱ्या माणसाला निराळे सांगावे लागत नाही. मुंबईच्या मूळजी जेठा मार्केटमधील दलालाचे पत्र, मालेगाव-इचलकरंजीहून येणाऱ्या आडत्याच्या गप्पा आणि नाशिकरोड स्थानकावर गाठ पडलेला एखादा परिचित, ही पूर्वीच्या व्यापाऱ्याची वर्तमानपत्रे होती. कोणत्या गिरणीत संप होणार, कोणाची हुंडी परत आली, कोणत्या कारखान्यात नवा साहेब आला, हे ज्याला चार दिवस आधी कळे, त्याचा हंगाम साधे. साधने बदलली, गरज मात्र तीच राहिली आहे.

एकलहऱ्याला तर कंपन्यांच्या स्थित्यंतराचा अनुभव घरबसल्या आलेला आहे. येथील औष्णिक विद्युत केंद्राचे १४० मेगावॅटचे पहिले दोन संच १९७०-७१ च्या सुमारास सुरू झाले. पुढे १९७९ ते १९८१ या काळात २१० मेगावॅटचे तीन संच उभे राहिले. वसाहत वाढली, बाजारपेठ वाढली, अनेक कुटुंबांची दुकाने याच केंद्राच्या पगाराच्या तारखेवर चालली. जून २००५ मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे विभाजन झाले आणि 'बोर्डा'चे कर्मचारी 'महानिर्मिती'चे कर्मचारी झाले. पहिले दोन संच पुढे कालबाह्य होऊन बंद पडले. ६६० मेगावॅटच्या नव्या संचाची चर्चा वर्षानुवर्षे होत राहिली. ज्या गावाचे अर्थकारण एका मोठ्या उद्योगाशी बांधलेले असते, त्या गावाने अन्य उद्योगांकडेही डोळे उघडे ठेवून पाहणे अगत्याचे होय.

आणि उद्योगांच्या पाट्या किती झपाट्याने बदलतात! नाशिककर आजही 'मायको सर्कल' म्हणतात. परंतु मायको ही कंपनी २००८ सालापासून 'बॉश लिमिटेड' या नावाने ओळखली जाते. कापड व्यापाऱ्यांच्या जिव्हाळ्याचे नाव म्हणजे रेमंड. या रेमंडचा नाशिक जिल्ह्यात पोलादाचाही कारखाना होता, हे नव्या पिढीला ठाऊक नसेल. तो २००० च्या सुमारास जर्मनीच्या थिसेनक्रुप समूहाकडे गेला. रोहित्रांना लागणारे विशेष विद्युत पोलाद तेथे तयार होते. जानेवारी २०२५ मध्ये हाच उद्योग जेएसडब्ल्यू आणि जपानच्या जेएफई यांच्या संयुक्त कंपनीने घेतला. इकडे रेमंडचा वस्त्रव्यवसाय वेगळा होऊन सप्टेंबर २०२४ मध्ये 'रेमंड लाइफस्टाइल' या नावाने शेअर बाजारात आला, तर जुलै २०२५ मध्ये बांधकाम व्यवसायाची कंपनीही स्वतंत्रपणे नोंदली गेली. अशा वेळी बिल कोणाच्या नावे करावे, जीएसटी क्रमांक कोणता, खरेदीचा निर्णय कोण घेतो, हे प्रश्न छोट्या पुरवठादाराच्या पोटाशी येऊन भिडतात.

या बदलांचा मागोवा घेण्यासाठी आज व्यावसायिक संपर्काची संकेतस्थळे उपलब्ध आहेत. त्यांत 'लिंक्डइन' हे अग्रगण्य होय. मे २००३ मध्ये अमेरिकेत ते सर्वांसाठी खुले झाले आणि २०१६ साली मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतले. २०२३ मध्ये त्याच्या जगभरातील सदस्यांची संख्या १०० कोटींवर गेली. त्यांपैकी १० कोटींहून अधिक सदस्य एकट्या भारतातील होते. फेसबुक वा व्हॉट्सॲपप्रमाणे सणासुदीच्या शुभेच्छांसाठी हे ठिकाण नाही. येथे मनुष्य आपले शिक्षण, अनुभव आणि कौशल्य मांडतो आणि कंपन्या आपले कामकाज मांडतात.

याचा उपयोग करण्याची रीत अगदी सोपी आहे. सदस्याने आपला परिचय भरावा, ज्या कंपन्यांशी व्यवहार आहे अथवा व्हावा अशी इच्छा आहे त्यांची पाने शोधावीत आणि 'फॉलो' हे बटण दाबावे. त्यानंतर त्या कंपनीच्या घोषणा त्याच्यासमोर आपोआप येऊ लागतात. नवा कारखाना, नवे उत्पादन, रिक्त जागा, अधिकाऱ्यांच्या बढत्या-बदल्या, प्रदर्शनातील सहभाग, अशा अनेक गोष्टी त्यातून समजतात. समजा, एखादा व्यापारी सातपूर, अंबड वा सिन्नरच्या कारखान्यांना गणवेशाचे कापड पुरवितो. एखाद्या कारखान्याने दोनशे कामगारांची भरती काढली, तर त्याला ती बातमी म्हणजे दोनशे गणवेशांची शक्यता वाटली पाहिजे. खरेदी अधिकारी बदलला असे दिसल्यास अभिनंदनाचा एक संदेश पाठवून नव्याने ओळख करून घेता येते. शंभर कंपन्यांच्या मागे लागण्यापेक्षा आपल्या उपयोगाच्या दहा-पंधरा निवडाव्यात आणि दररोज पंधरा मिनिटे द्यावीत, एवढे पुरे.

तथापि येथे विवेक हवा. कंपनीच्या पानावर कंपनी स्वतःच बोलत असते, आणि स्वतःविषयी कोणी उणे बोलत नाही. उद्घाटनाची छायाचित्रे तेथे दिसतील. पुरवठादारांची बिले किती महिने थकली आहेत, हे दिसणार नाही. म्हणून उधारी देण्यापूर्वी जुनीच कसोटी लावावी : बाजारात विचारणा करावी, जीएसटीच्या संकेतस्थळावर क्रमांक तपासावा, कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या नोंदी पाहाव्यात, आणि कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असल्यास तिने बाजाराला अधिकृतपणे कळविलेली माहिती वाचावी. संकेतस्थळ ओळख करून देते. पत मात्र व्यवहारातूनच कळते.

तरुणांच्या दृष्टीने हा विषय अधिक जिव्हाळ्याचा आहे. आयटीआय, पदविका वा बी.कॉम. झालेला एकलहऱ्याचा मुलगा कंपनीच्या प्रवेशद्वारावर अर्ज देऊन परत येतो आणि महिनोन्महिने उत्तराची वाट पाहतो. त्याच कंपनीत आपल्याच महाविद्यालयाचे कोण काम करतात, हे या संकेतस्थळावर शोधता येते. त्यांना 'नोकरी द्या' असे लिहिण्याऐवजी 'या कामासाठी कोणते शिक्षण घ्यावे' असे नम्रपणे विचारल्यास उत्तर येण्याचा संभव अधिक. विवाह वा अपत्यसंगोपनामुळे नोकरी सोडलेल्या भगिनींसाठीही मार्ग आहे. मधल्या खंडाची स्वच्छ नोंद करण्याची सोय २०२२ पासून तेथे झाली आहे. मात्र महानिर्मितीसारख्या सरकारी कंपनीची भरती तिच्या अधिकृत जाहिरातीनुसारच होते. तेथे कोणाच्या ओळखीने काम होईल या भ्रमात राहू नये.

याच भ्रमाचा फायदा लबाड लोक घेतात. नामांकित कंपनीचे बोधचिन्ह लावून नोकरीचे पत्र पाठवायचे आणि नोंदणी, प्रशिक्षण वा अनामत रकमेच्या नावाखाली पैसे उकळायचे, असे प्रकार सर्वत्र घडतात. नोकरी देणारा पैसे मागू लागला की तेथेच थांबावे. कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर ती जागा आहे का, ते पाहावे. फसवणूक झालीच, तर लाजेने गप्प न बसता ताबडतोब १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार करावी. जितकी त्वरा, तितकी रक्कम गोठविली जाण्याची आशा अधिक. आईवडिलांनीही अशा वेळी मुलावर रागावण्यापूर्वी त्याला धीर द्यावा. पैसा पुन्हा मिळविता येतो. लाजेपायी गप्प राहिलेला मुलगा मात्र आतल्या आत खचत जातो.

शेवटी एक गोष्ट सत्याची. परिचयात न केलेले काम लिहू नये, न मिळविलेली पदवी मिरवू नये. हल्ली स्थळ पाहतानाही मुलाचा वा मुलीचा हा परिचय उघडून पाहिला जातो. बायोडाटा एक सांगतो आणि संकेतस्थळ दुसरे, असे आढळले तर केवळ सोयरीकच मोडते असे नाही, घराण्याच्या शब्दाला बट्टा लागतो. ज्या समाजाने वहीतील एका ओळीवर लाखोंचे व्यवहार निभावले, त्याच्या मुलांनी पडद्यावरची ओळही तितक्याच जबाबदारीने लिहावी.

ट्रस्टच्या सभागृहात महिन्यातून एका रविवारी तासभर जरी एकत्र बसता आले, तरी बरेच साधेल. तरुणांनी ज्येष्ठांना कंपन्यांची पाने उघडून दाखवावीत. ज्येष्ठांनी तरुणांना माणूस ओळखण्याची आणि उधारी सांभाळण्याची विद्या द्यावी. एकाकडे साधन आहे, दुसऱ्याकडे पारख आहे. दोहोंची गाठ पडली, तर एकलहऱ्याच्या पेढ्यांना आणि येथील लेकरांना उद्याच्या बदलाचे भय बाळगण्याचे कारण उरणार नाही.

जय जिनेंद्र!