ओळ कुठे मोडावी?

कवितेची ओळ कुठे मोडायची हे कवी ठरवतो. मोबाइलवर मात्र ती पडदा मोडतो. चार ओळींचं कडवं अरुंद पडद्यावर सात ओळींचं होतं आणि वाचणाऱ्याला वाटतं, कवीनं ते तसंच लिहिलंय.

माझा पहिला संग्रह १९९३ साली फणसवाडीतल्या एका लहानशा छापखान्यात शिशाच्या खिळ्यांनी जुळवला गेला. लांब ओळ मावली नाही, की तिथले जुळारी काका उरलेले शब्द खाली, थोडे आत सरकवून लावत. ‘आत सरकवलं की कळतं, ओळ संपलेली नाही,’ असं ते म्हणत. हा सगळा भागच छपाईचा. जावजी दादाजींनी १८६४ साली टाइपांचा कारखाना काढला, १८६९ साली निर्णयसागर छापखाना. त्यांच्या छापखान्याची कोलभाट गल्ली इथून जवळच.

वेबपानावर जुळाऱ्याचं काम सूचनांची एक भाषा करते. तिचं नाव सीएसएस. हॉकन व्यूम ली यांनी १९९४ साली ही कल्पना मांडली. पुढे कित्येक वर्षं पानं कागदासारखीच ठरावीक रुंदीची बनत. फोनवर ती बाजूला सरकवत वाचावी लागत. पान वाचणाऱ्याच्या पडद्याप्रमाणे बदलावं, हा विचार ईथन मार्कोट यांनी २०१० साली नावानिशी मांडला.

आज त्यासाठी दोन मुख्य साधनं आहेत. पहिलं फ्लेक्सबॉक्स. गिरगावच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत पाहुणे आले की माणसं सरकून बसतात, जागा उरली तर ऐसपैस होतात, अगदीच मावेनात तर दुसरी पंगत मांडतात. फ्लेक्सबॉक्स पानावरच्या मजकुराला हेच शिकवतं. दुसरं ग्रिड. ते आडव्या-उभ्या रकान्यांचा आराखडा एकदमच आखतं. २०१७ साली ते प्रमुख ब्राउझरांत आलं.

कवितेला याचा फायदा असा, की प्रत्येक ओळ वेगळी ओळखून सांगता येतं : मावली नाहीस तर उरलेले शब्द आत सरकव. म्हणजे काकांचीच रीत. आपल्या लिपीसाठी आणखी एक पथ्य आहे. चौकटीची उंची ठरावीक ठेवली, तर वेलांटी, रफार, उकार कापले जातात. उंची मजकुरावर सोडावी.

माझ्या घरात आईची पत्रं उर्दूत, माझ्या कविता मराठीत. एक लिपी उजवीकडून चालते, दुसरी डावीकडून. आता ‘डावीकडे जागा सोड’ न म्हणता ‘आरंभाकडे जागा सोड’ असं सांगता येतं. एकच सूचना दोन्ही लिपींना पुरते.

हे तंत्रज्ञांवर सोडून भागणार नाही. ओळी मोडतात म्हणून आज पुष्कळ कविता चित्र करून पाठवल्या जातात. दिसतात छान, पण अक्षर मोठं केलं तर ओळ पडद्याबाहेर जाते, शब्द शोधता येत नाही. आणि दृष्टिहीन वाचकाचा फोन, जो अक्षरं वाचून दाखवतो, तो अशा चित्रापाशी बहुतेक वेळा मुका होतो.

दिवाळी अंक आता वेबवरही निघतात. त्यांच्या संपादकांना माझी विनंती आहे : कविता अक्षरांतच छापा, आणि पान बनवणाऱ्याला ओळीबद्दल आवर्जून सांगा. अक्षराचा आकार वाचकानं ठरवावा, पडद्याची रुंदीही त्याचीच. ओळ मात्र कवीची राहू द्या. दोन्ही आता एकत्र जमतं.