उपवासकाळातले संतवाचन

राखेच्या बुधवारी कपाळावर राखेचा क्रूस उमटतो आणि कॅथलिक ख्रिस्ती बांधवांचा उपवासकाळ सुरू होतो. रविवार वगळून चाळीस दिवस. उपवास आणि दानधर्माच्या जोडीला प्रार्थना महत्त्वाची. तिला बळ देते संतचरित्रांचे वाचन.

मराठीत ही परंपरा जुनीच. फ्रेंच जेझुइट धर्मगुरूने संत पीटरवर रचलेले ओवीबद्ध पुराण गोव्यात १६२९ पासून छापले गेले.

वाचण्याजोगे असेच एक चरित्र वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांचे. ते आधी व्यापारी होते. मनिलात फ्रान्सिस्कन ब्रदर झाल्यावर ते दुभाषी म्हणून जपानला गेले. तिथे त्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापला, भर थंडीत नागासाकीपर्यंत चालवले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी क्रुसावर चढवले. १८६२ मध्ये ते संत घोषित झाले.

उपवासकाळात अशा चरित्रातला रोज एकच प्रसंग वाचावा आणि प्रार्थनेत त्यावरच मनन करावे.