होडी कुणाच्या नावावर?

(सोनई येथे महिला मेळाव्यात केलेले भाषण)



सोनईहून समुद्र लांब. पण आठवडी बाजारातलं सुकट, सुके बोंबील आपल्या घरात शिजतातच. ते वाळवणाऱ्या बाईबद्दल मी आज बोलणार आहे.

होडी किनाऱ्याला लागली की कोळणीचं काम सुरू होतं. मासळी निवडायची, टोपली घेऊन बाजार गाठायचा. बोंबलांच्या जोड्या जबड्यात जबडा अडकवून वलांडीवर, म्हणजे बांबू-दोरीच्या मांडवावर टांगायच्या. मग हवं फक्त कडक ऊन. मध्येच पाऊस आला तर माल कुजतो. जून-जुलै मासेमारी बंद. त्या दिवसांत सुक्या मासळीवरच चूल पेटते. आणि नेमकं त्याच तोंडावर 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं, मे 2021 मध्ये तौक्ते आलं.

वादळानंतर पंचनामा होतो. सरकारी निकषांत मच्छीमाराचं नुकसान म्हणजे होडी आणि जाळं. दोन्ही बहुधा पुरुषाच्या नावावर. वलांडीवरचा माल कुठल्या रकान्यात लिहायचा? क्यार आणि महा वादळांनंतर 2020 मध्ये राज्य सरकारने किरकोळ मासे विकणाऱ्यांसाठी शीतपेट्यांची मदत जाहीर केली. चांगलंच केलं. पण वाळवणाला शीतपेटीचा काय उपयोग?

हवामान बदलतंय, जुळवून घ्या, असं सगळे सांगतात. समाजशास्त्राचे अभ्यासक आता विचारू लागलेत, की जुळवून घ्यायचं ते कुणाच्या जिवावर? मासळीमागे होडी लांब न्यायची तर डिझेल वाढतं, कर्ज वाढतं. गहाण पडणारे दागिने कुणाचे असतात, हे तुम्हाला सांगायला नको.

आपलं वेगळं काय आहे? गारपिटीचा पंचनामा सातबारा बघून होतो. खुरपणारी, कापूस वेचणारी बाई त्यात नसते. 1986 चा चांदवडचा मेळावा, मग शेतकरी संघटनेची लक्ष्मीमुक्ती. त्यातून काही बायकांच्या नावावर जमीन झाली. पण किती जणींच्या? आपल्या गावातल्या मोजा एकदा.

किनाऱ्यावरच्या बायकांसाठी मागायचं ते साधं आहे: पंचनाम्यात वाळवणाचा रकाना, मासळी वाळवणाऱ्या-विकणाऱ्या बाईची स्वतंत्र नोंद, आणि पैसे तिच्या खात्यात. आपला अर्ज तलाठ्याकडे जाईल. शेतात कोण राबतं तेही पंचनाम्यात लिहा, एवढंच त्यात म्हणायचं. कागद आणलाय, मजकूर आता बसून ठरवू.