‘त्रास देता’ म्हणून माहिती नाकारता येत नाही
(पाड्यावरच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



वनहक्काचा दावा का नामंजूर झाला, हे विचारायला आपण माहितीचा अर्ज टाकतो. साहेब म्हणतात, "सारखे अर्ज करून त्रास देता, माहिती मिळणार नाही." आपण गप घरी येतो. तसं येऊ नका.

माहिती अधिकार कायदा 2005 मध्ये ‘त्रासदायक अर्ज’ म्हणून नाकारायचं कलमच नाही. इंग्लंडच्या कायद्यात आहे, आपल्या नाही. नाकारायचं तर कलम 8 किंवा 9 मधलं कारण लागतं, तेही लेखी. अपील कुठं आणि किती दिवसांत करायचं, हेही त्यातच लिहावं लागतं. माहिती कशाला पाहिजे, हे विचारता येत नाही. कलम 6(2) वाचून दाखवा.

कुणी कलम 7(9) पुढं करतं. त्यात नकार नाही. झेरॉक्स काढण्यात ऑफिसचं सगळं काम अडणार असेल, तर दुसऱ्या रूपात द्या, एवढंच आहे. मग आपण म्हणू, फाईल बघायला द्या.

पण आपणही नेमकं मागू. ‘तालुक्याच्या सगळ्या फायली’ नको. सरसकट मागणीवर सुप्रीम कोर्टानंही 2011 मध्ये नाराजी दाखवली. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय, 150 शब्दांत. आपल्या दाव्याचा नंबर टाका, उपविभागीय समितीच्या निर्णयाची नक्कल मागा, पोच घ्या. 30 दिवसांत उत्तर नाही, तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील.

तोंडी नकारावर अपील लिहिताना अडचण होते. म्हणून नकारसुद्धा कागदावरच घ्यायचा.

जिंदाबाद!